शाळेत शिकवायला लागलं की चित्रकार संपते का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. जी. डी. आर्ट पेंटिंगमधून केलंस, मग कलाशिक्षणाची पदविका घेतलीस आणि आता तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत चित्रकला शिक्षिकेची जागा मिळते आहे. घरचे म्हणतात, डोळे झाकून घे. कॉलेजातले एक सर म्हणाले, "शाळेत गेलीस की चित्रकार म्हणून संपलीस." तुला अशा एखाद्या बाईचं नाव हवंय जिनं शिकवलंही आणि स्वतःचं कामही थांबू दिलं नाही. शिवाय कॉलेजातले मोठे कॅनव्हास घरात मावत नाहीत, त्यांचं काय करू, असंही विचारलं आहेस. त्याकडे शेवटी येते. वयानं माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून अगंतुगं करते.

मी २९ वर्षं शिकवलं. पहिली १७ शाळेत, पुढची कला महाविद्यालयात. चित्रं आजही काढते. त्यामुळे तुझ्या सरांचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते उगाच बोलले असंही मी म्हणणार नाही. शाळेत गेल्यावर ब्रश कायमचा ठेवून दिलेल्या निदान दहा-बारा जणी माझ्या ओळखीत आहेत. त्या का थांबल्या हे नीट समजून घेतलंस, तर निर्णय तुझा तुलाच घेता येईल.

सगळे म्हणतात वेळ मिळत नाही. वेळ कमी पडतो हे खरंच आहे, पण माझ्या अनुभवात आधी हात जातो आणि वेळ त्याच्या मागून जातो. चित्रकला शिक्षिका म्हणजे शाळेतला सगळ्यांचा हात. दर्शनी फलकावर रोज सुविचार, जयंती-पुण्यतिथीला फलकलेखन, पाहुणे आले की रांगोळी, स्नेहसंमेलनाचा पडदा, प्रमाणपत्रांवर कट निबनं दीडशे नावं. यातलं एकही काम वाईट नाही. मी ती मनापासून केली आणि आजही माझं फलकलेखन मला आवडतं. पण ही सगळी कामं हाताकडून एकच गोष्ट मागतात: लवकर, सुबक आणि लांबून ओळखू येईल असं. वर्गातही तेच. मुलांना आंबा दाखवायचा तर तीन मिनिटांत आंबा झाला पाहिजे, आणि तो नेहमी तोच आंबा असतो.

चौथ्या वर्षी एका रविवारी सासूबाई अंगणात वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी समोर बसून त्यांचे हात काढायला घेतले. दहा मिनिटांनी कागदाकडे बघितलं तर तो हात त्यांचा नव्हताच. गुरुपौर्णिमेच्या फलकावर आशीर्वादाचा जो हात मी काढायची, तो होता. गोल, गुळगुळीत, कुणाचाही. सासूबाईंच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं, तर्जनी विळीवर वर्षानुवर्षं भाजी चिरून एका बाजूला वळली होती. हे सगळं मला दिसत होतं आणि हात ते काढायला तयार नव्हता. त्या दिवशी मी फार घाबरले. तुझे सर ज्याला संपणं म्हणतात ते हेच असावं. ते नोकरी लागल्या दिवशी होत नाही. हळूहळू होतं आणि कळतही नाही, कारण शाळेत सगळे कौतुकच करत असतात.

आता तुला हवं असलेलं नाव. मी चित्रकर्ती नसरीन मोहमदी यांचं नाव सांगेन, आणि जरा सविस्तर सांगेन.

त्यांचा जन्म १९३७चा, कराचीचा. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. १९५४ ते १९५७ लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिक्षण, पुढे शिष्यवृत्तीवर पॅरिस. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे बरेच कलावंत काम करत, तिथे असताना चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्यांचा सहवास मिळाला. १९७२ साली त्या बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिकवायला गेल्या आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. बडोद्याचा तो विभाग १९५०चा. तिथला चित्रकला विभाग सुरुवातीला आपल्या इंदूरच्या चित्रकार ना. श्री. बेंद्र्यांनी उभा केला. शिकवणारे स्वतः काम करतात आणि विद्यार्थी ते बघतात, ही रीत तिथे पहिल्यापासून होती.

आता सरांचं वाक्य आठव आणि त्यासमोर हे ठेव. आज जगात नसरीन ज्या रेषांसाठी ओळखल्या जातात, ते पेन्सिल आणि शाईचं काम बहुतेक सगळं त्यांच्या शिकवण्याच्या वर्षांतलं आहे. त्याआधी त्या तैलरंगात, जलरंगात काम करत. शिकवायला लागल्यावर काम आटलं नाही, उलट नेमकं झालं. रंग गेला, आकृती गेली, उरला कागद, आणि आर्किटेक्ट लोक वापरतात ती पट्टी-पेनांची साधनं.

त्यांची मूळ चित्रं मी पहिल्यांदा २०१३ साली दिल्लीत किरण नाडर संग्रहालयातल्या प्रदर्शनात बघितली. छापील चित्रात ती यंत्रानं काढल्यासारखी वाटतात, म्हणून मला पूर्वी ती कोरडी वाटायची. जवळ गेले आणि तिथेच थांबले. एका कागदावर आडव्या रेषा होत्या, अगदी एकमेकींना लागून. पण प्रत्येक रेषेचं वजन वेगळं. कुठे पेन टेकलं तिथे शाईचा जेमतेम दिसेल असा ठिपका, कुठे रेषा पुढे जाता जाता विरळ होत कागदात जिरून गेलेली, मध्येच पेन्सिलची एक राखाडी रेषा जी दोन पावलं मागे सरलं की दिसेनाशी व्हायची. पट्टी वापरली होती, तरी प्रत्येक रेषेत श्वास होता. मी रोज मुलांना कर्तव्यभूमिती शिकवलेली बाई. टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअरनं रेषा मारणं म्हणजे हात बाजूला ठेवणं, असंच मी समजत होते. त्याच साधनांतून इतका हात दिसू शकतो हे मला तिथे कळलं.

आणि हे करणाऱ्या बाईचं शरीर त्यांच्या ताब्यातून सुटत चाललं होतं. मज्जासंस्थेच्या आजारानं शेवटच्या वर्षांत हालचालींवर ताबा राहिला नव्हता. चालणं अवघड झालं होतं. तरी ऐंशीच्या दशकातली चित्रं बघ, तिरप्या रेषा आणि कमानी कागदाच्या मोकळ्या जागेत तरंगताना दिसतात, रेषा कुठेही ढळलेली नाही. १९९० साली आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. वय ५३. किहीमच्या किनाऱ्याचे फोटोही त्यांनी काढले होते, पण हयातीत ते कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. ओहोटीनंतर तिथल्या वाळूवर ज्या बारीक वळ्या उरतात, त्या मी मुद्दाम जाऊन बघितल्या आहेत. तूही जा. तिथे उभं राहिल्यावर त्यांच्या रेषा निसर्ग बघून आल्या आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढे २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयाचं दार उघडलं, तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांत एक नसरीन यांचं होतं. हयातीत मात्र त्यांना ओळखणारे लोक मोजके होते, त्यात विद्यार्थी बरेच.

पण मी तुला अर्धवट उदाहरण देणार नाही. बडोदा म्हणजे तालुक्याची शाळा नव्हे. तिथे सहकारी कलावंत होते, जेराम पटेलांसारखे. नसरीन यांनी लग्न केलं नाही, घरची परिस्थितीही बरी होती. तुझ्यासमोर आठवीच्या तीन तुकड्या, एस.टी.चा प्रवास आणि घरी गेल्यावर स्वयंपाक असेल. म्हणून आणखी दोघींबद्दल सांगते.

एक जॉर्जिया ओकीफ. अमेरिकेतली ही चित्रकर्ती पुढे एवढी मोठी झाली की ती मास्तरीण होती हे लोक विसरतात. १९१२ ते १९१४ टेक्सासमधल्या अमारिलो गावच्या शाळांमध्ये तिनं चित्रकला शिकवली. मुलांकडून पुस्तकातली चित्रं नकलून घ्यायला तिचा विरोध होता. १९१५च्या शरदात ती साउथ कॅरोलिनातल्या एका लहानशा कॉलेजात शिकवायला गेली. आसपास चित्रकारांची वस्ती नाही, ओळखीचं कोणी नाही. तिथे तिनं आपली सगळी जुनी चित्रं मांडून बघितली, तेव्हा तिला ती कोणत्या ना कोणत्या गुरूच्या वळणाची वाटली. मग रंग बाजूला ठेवून फक्त कोळसा आणि कागद घेतला. रंगाची खरीच गरज वाटेपर्यंत रंग घ्यायचा नाही असं ठरवलं, आणि निळा हवाच असं वाटायला पुढचा जून उजाडला. ती कोळशाची चित्रं मैत्रिणीनं १९१६च्या १ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार आणि कलादालन चालवणाऱ्या आल्फ्रेड स्टिग्लिट्झना दाखवली आणि पुढचा सगळा प्रवास तिथून सुरू झाला. त्यानंतरही ती टेक्सासला परत जाऊन शिकवतच होती. एकटेपणाची तुला भीती वाटते असं तू लिहिलं आहेस, म्हणून हे सांगितलं. तिचा पहिला स्वतःचा हात त्या एकटेपणात तयार झाला.

दुसरी आपल्या जवळची, देवयानी कृष्ण, माहेरच्या जाधव. इंदूरला देवळालीकर मास्तरांकडे शिकल्या, मग मुंबईला जे. जे.मध्ये. लग्नानंतर पती कंवल कृष्ण यांच्यासोबत हिमालयात, सिक्कीम-तिबेटकडे हिंडून तिथले मुखवटे आणि नाच चितारले. पुढे दोघांनीही दिल्लीच्या मॉडर्न स्कूलमध्ये कितीतरी वर्षं मुलांना शिकवलं. कॉलेजात नाही, शाळेत. आणि त्याच काळात देवयानीबाई छापचित्रं आणि बाटिक (मेण लावून कापड रंगवणं) करत राहिल्या. छापचित्रांच्या इतिहासात त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं.

तिघींत मला एक गोष्ट सारखी दिसते. प्रत्येकीनं असं माध्यम धरलं जे उद्या पुन्हा उघडता येतं. टेबलावर मावणारा कागद, कोळसा, छापचित्रासाठी लाकडाचा ठोकळा नाहीतर धातूचा पत्रा. चार बाय पाच फुटांच्या कॅनव्हासवर तैलरंगात काम करायचं तर सलग चार तास तरी लागतात, रंग लावायला घेण्यातच अर्धा तास जातो. शाळेतून आल्यावर ते चार तास मिळत नाहीत. मग आपण रविवारची वाट बघतो, रविवारी पाहुणे येतात, दिवाळीची सुट्टी फराळात जाते. माझी पहिली तीन वर्षं अशीच गेली. माळ्यावरचा कॅनव्हास मी वर्षातून दोनदा खाली काढायची, धूळ पुसायची आणि परत वर ठेवायची.

वाटाण्यांच्या त्या रविवारनंतर मी काय केलं ते सांगते. शाळेत वस्तुचित्रासाठी आम्ही तांब्या, बादली, कांदे मांडायचो. त्यातलाच एक पोचे पडलेला तांब्या मी घरी आणला आणि रोज रात्री जेवणं आटोपल्यावर पोस्टकार्डाएवढ्या कार्ट्रिज कागदावर एकाच टू-बी पेन्सिलनं तो काढायचा असं ठरवलं. अर्धा तास, खोडरबर नाही. पहिले दोन महिने फळ्यावरचाच तांब्या येत राहिला. मग एका रात्री त्याच्या पोटावरचा पोचा आला. खरोखर तो पोचा, ज्यात खिडकीचा उजेड वाकडा होऊन बसला होता. वर्षभरानं माझ्याकडे तीनशेच्या वर कार्डं होती आणि हात परत आला होता. त्याच कार्डांतून पुढे माझं भांड्यांचं काम उभं राहिलं, ज्यासाठी लोक मला थोडंफार ओळखतात.

शिकवणं मात्र नुसतं हात खर्च करणारं काम समजू नकोस. मुलं खूप देतात, फक्त ते घेता आलं पाहिजे. स्मरणचित्राच्या तासाला मी 'पावसातलं रान' विषय दिला होता. सातवीतल्या एका मुलानं पूर्ण पान उभ्या रेषांनी भरलं, एकेक रेष सावकाश मारत. मध्ये एक जागा कोरी. म्हणाला, "बाई, म्हैस आहे तिथं." त्यानं म्हैस काढलीच नव्हती. जिथे पाऊस थांबला होता तिथे म्हैस होती. मी त्याला सांगितलं, बाह्यरेषा काढ, परीक्षेत असं चालत नाही. त्यानं काढली आणि म्हैस मेली. एलिमेंटरीची सरकारी चित्रकला परीक्षा तोंडावर होती आणि मला त्याची श्रेणी हवी होती. पुढे दिल्लीत नसरीन यांच्या कागदांवरच्या कोऱ्या जागा बघताना मला तो मुलगा आठवला आणि तिथेच डोळे भरून आले. त्या मुलाला जे येत होतं ते मी शिकवू शकले नसते, पण त्याच्याकडून शिकू शकले असते.

म्हणून परीक्षेची तयारी आणि चित्रकला असे दोन वेगळे तास ठेव. वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे सगळं नीट शिकव, मुलांना दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, त्यांचा तो हक्क आहे. पण पंधरा दिवसांतला एक तास असा ठेव ज्यात तू फळ्यावर काहीच काढून दाखवणार नाहीस. मुलांबरोबर खाली बसून तूही तीच वस्तू पहिल्यांदा बघितल्यासारखी काढ. मुलांना बाईंची खाडाखोड दिसू दे. माझा वर्ग यानंच बदलला.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. जागा खरोखर अनुदानित आणि मंजूर आहे का, की आत्ता तासिका तत्त्वावर घेऊन पुढे बघू म्हणतात, हे कागदावर बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस. पूर्ण पगाराची नोकरी असेल तर मी घे म्हणेन. महिन्याच्या महिन्याला पगार आला की चित्र विकलं जावं म्हणून काढावं लागत नाही, आणि हे स्वातंत्र्य किती मोठं आहे ते पूर्ण वेळ चित्रांवर जगणाऱ्या माझ्या मैत्रिणींना विचार. तासिकेवर असेल तर वेगळा हिशेब कर. तितक्याच पैशांत घरी शिकवण्या घेऊन सकाळ स्वतःकडे ठेवता येते.

शाळेत चित्रकलेची स्वतंत्र खोली आहे का, तिची किल्ली तुझ्याकडे राहील का, हेही विचार. पगाराइतकंच ते महत्त्वाचं आहे. माझ्याकडे किल्ली होती, म्हणून शाळा भरण्याआधीचा पाऊण तास माझा होता. आणि घरी, लग्न झालेलं असो वा व्हायचं असो, तुझ्या टेबलावर कोणी भाजी निवडायला बसणार नाही एवढं पहिल्या महिन्यातच ठरवून टाक. मी ते सहाव्या वर्षी केलं. तोवर माझं टेबल सगळ्यांचं झालं होतं, आणि ते परत मिळवताना जी भांडणं झाली ती टाळता आली असती.

फलकलेखन नाकारू नकोस, पण एकटीनं करू नकोस. नववीच्या मुलींची एक फळी तयार कर. दोन वर्षांत त्या तुझ्याइतकं सुंदर लिहितील आणि तुझा हात मोकळा राहील. वर्षातून एकदा काम बाहेर पाठव. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन आहे, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आहे. निवड झाली नाही तरी पाठव, कारण पाठवायची तारीख डोळ्यांसमोर असली की चित्र पूर्ण होतं.

राहिले तुझे मोठे कॅनव्हास. ते विकू नकोस आणि माळ्यावर एकावर एक रचूही नकोस, चौकटीचे कोपरे खालच्या चित्राला टोचतात. चौकटीवरून खिळे सांभाळून काढ, कापड मोकळं कर. निदान सहा इंच व्यासाचा पीव्हीसी पाइप घे, त्यावर आधी स्वच्छ कागद गुंडाळ. मग कॅनव्हास रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळ, रंग आत राहिला तर चुरगळून तडे जातात. प्रत्येक वेढ्यात बटर पेपर घाल, वरून जुनं सुती धोतर किंवा साडी. प्लॅस्टिक नको, पावसाळ्यात आत बुरशी धरते. गुंडाळी आडवी ठेव, भिंतीला टेकवून उभी नको. दसऱ्याच्या आसपास, पाऊस संपला की एकदा उलगडून हवा दे.

आणि गुंडाळण्याआधी प्रत्येकाच्या मागे पेन्सिलनं तारीख घाल. नसरीन यांनी बहुतेक चित्रांना ना नाव दिलं ना तारीख. आज कोणतं आधीचं आणि कोणतं नंतरचं हे ठरवायला अभ्यासकांना कागद, रेषा आणि डायऱ्या पुन्हा पुन्हा ताडून बघाव्या लागतात. तू तारीख घाल, गाव घाल, आणि त्या दिवशी किती तास होते तेही लिही.